अभ्यास मंडळाच्या निवडणुकीला उभं राहावं का?

टोपोशीट

मंडळी, सल्ला हवाय. प्राध्यापक मंडळी इथे बरीच आहेत म्हणून इथेच विचारतो.

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात भूगोल शिकवतो. सतरा वर्षं झाली. विभागप्रमुख आहे, म्हणजे विभागात मी एकटाच आहे. प्रमुखही मीच, नकाशे झटकणाराही मीच. २०२७ ला विद्यापीठातल्या सगळ्या मंडळांची मुदत संपतेय आणि आत्तापासून फोन सुरू झालेत. "सर, यंदा बीओएसला तुम्ही उभं राहाच, आपल्या भागातून कुणी नाही." बीओएस म्हणजे बोर्ड ऑफ स्टडीज, विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारं अभ्यास मंडळ. २०२२ ला राहिलो होतो, पडलो. ती हकीकत कुणी विचारली तर सांगेन.

यंदा मनात नव्हतं. पण मागच्या आठवड्यात एक गोष्ट झाली. आमच्या नव्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचा निम्मा भाग संगणकावरच्या नकाशांचा आहे. विषय चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. आमच्याकडे सहा संगणक, त्यातले चार चालतात, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. बारा पोरं चार मॉनिटरभोवती कोंडाळं करून उभी होती आणि वीज गेली. एका मुलीने जिल्ह्याची हद्द अर्धी आखली होती. सेव्ह केलेली नव्हती. काळ्या पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, हे वहीत नाही का काढता येणार?"

काढता येतं की. आम्ही सगळे ट्रेसिंग पेपरवरच शिकलो. पण अभ्यासक्रमात तसा पर्याय लिहिलेला नाही, त्यामुळे परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की प्रिंटआउट मागतात.

तर प्रश्न असा: मंडळावर गेलं तर असलं काही बदलता येतं का? की नुसतं पत्रिकेवर नावाखाली "सदस्य, अभ्यास मंडळ" छापायला मिळतं? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावं.

---

खडू_आणि_डस्टर

उभे राहा सर. +१.

---

हिशेबी

उभं राहण्याआधी बेरीज करून घ्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मंडळात विद्यापीठ विभागाचा प्रमुख एक. कुलगुरू अधिष्ठात्यांशी (डीनशी) सल्लामसलत करून नेमतात ते सहा शिक्षक. आणि संलग्न कॉलेजांच्या विभागप्रमुखांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन. हे दहा जण मग पहिल्या बैठकीत बाहेरच्यांना स्वीकृत करून घेतात: दुसऱ्या विद्यापीठातले, उद्योगातले वगैरे.

म्हणजे ज्याला आपण निवडणूक म्हणतो ती दहातल्या तीन जागांची. तिघे एकमताने बोलले तरी सहा हात वर गेले की संपलं. अध्यक्षही मंडळातूनच निवडला जातो, तेव्हा त्या सहांचं वजन कुठे पडणार हे सांगायला नको. अध्यक्ष पुढे विद्याशाखेत, म्हणजे वरच्या मंडळात, जातो. म्हणजे खरी चाल तिथे आहे. तुम्ही पोस्टर छापणार, शंभर कॉलेजांना फोन करणार, गाडीला तेल घालणार, आणि नेमलेले सहा जण घरी बसून पत्राची वाट बघणार.

---

टोपोशीट

हिशेबी, बेरीज माहीत आहे हो. म्हणूनच विचारतोय.

---

जुना_सभासद

मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. १९९४ च्या कायद्याखालीही मंडळावर होतो आणि २०१७ ला निवडून येऊन नव्या कायद्याखालीही, निवृत्तीपर्यंत. त्यामुळे थोडं लांब लिहितो, चालवून घ्या.

हिशेबींची बेरीज बरोबर आहे, पण मंडळात हात वर करून मतदान झालेलं मी दोनदाच पाहिलं, आणि त्यातलं एक अध्यक्षाच्या निवडीचं. बाकी सगळं कसं होतं ते सांगतो. बैठक अकराची. साडेअकराला सहा-सात जण जमतात. आधी टीए-डीएचे फॉर्म भरले जातात, कारण ते नंतर राहून जातात. मग चहा. मग अध्यक्ष म्हणतात, "नवीन पॅटर्नप्रमाणे पेपर करायचे आहेत, उपसमित्या करू." उपसमिती म्हणजे तीन नावं. त्या तिघांतला एक लांब राहतो, एकाच्या घरी लग्न असतं. उरलेला एक जण आधीच्या अभ्यासक्रमाची वर्ड फाइल उघडतो, वरचं वर्ष बदलतो, घटकांची अदलाबदल करतो, संदर्भग्रंथांची यादी तशीच ठेवतो. त्या यादीतली निम्मी पुस्तकं बाजारात मिळत नाहीत. पुढच्या बैठकीत ती फाइल मंजूर. मग विद्याशाखा, मग विद्यापरिषद, आणि तिथे पन्नास विषयांच्या गठ्ठ्यात तुमचा विषय अर्ध्या मिनिटात पार.

आता यातली मेख बघा. जो फाइल उघडतो तो अभ्यासक्रम करतो. तो नेमलेला आहे की निवडून आलेला, हे कुणीही विचारत नाही. मी पहिल्या वर्षी गप्प बसलो. दुसऱ्या वर्षी म्हटलं, "फाइल माझ्याकडे द्या, मी करतो." सगळ्यांना हायसं वाटलं! प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक घटकाखाली एक ओळ घातली: उपकरण उपलब्ध नसल्यास अमुक पर्यायी पद्धत ग्राह्य धरावी. तेव्हा प्रश्न डम्पी लेव्हलचा, म्हणजे जमिनीची उंची मोजायच्या उपकरणाचा होता. ग्रामीण भागातल्या निम्म्या कॉलेजांत ती नव्हती, होती तिथे काच फुटलेली. ती ओळ कुणी वाचलीसुद्धा नाही, मंजूर झाली. पुढची पाच-सहा वर्षं परीक्षेच्या वेळी मला फोन यायचे, "सर, ती ओळ कुठल्या पानावर आहे हो? परीक्षक ऐकत नाहीत."

तुमच्या त्या मुलीच्या वहीसाठी अशी एक ओळ पुरते. तिच्यासाठी सहा हात लागत नाहीत.

---

सीएचबी_सातवं_वर्ष

जुना सभासद, मनापासून वाचलं. आता माझी बाजू.

मी तासिका तत्त्वावर (सीएचबी) आहे. ज्या विभागात शिकवतो तिथली पूर्णवेळ जागा सर निवृत्त झाल्यापासून रिकामी आहे. म्हणजे प्रमुख नाही. म्हणजे मतदार यादीत आमच्या कॉलेजचं नाव त्या विषयापुढे नाही. विद्यार्थी शंभरावर, मत शून्य. अशी कॉलेजं आमच्या जिल्ह्यात मी बोटांवर मोजायला लागलो आणि दोन्ही हात संपले.

आणि "जो फाइल उघडतो" याबद्दल सांगायचं तर, आमच्या विषयाच्या चालू अभ्यासक्रमातले दोन पेपर मी टाइप केलेत. उपसमितीतल्या एका सरांनी सांगितलं, "तुझं मराठी टायपिंग चांगलं आहे, जरा बघ." बघता बघता घटकही मीच पाडले. श्रेयांक (क्रेडिट) नीट बसेनात म्हणून रात्री दोनला दोन उपघटक कापले. छापील प्रतीत सदस्यांची नावं आहेत, माझं नाही. तक्रार करत नाही. पण निवडणूक कुणाची चाललीय ते लक्षात असू द्या.

---

खडू_आणि_डस्टर

हे वाचून काय बोलावं कळत नाही.

---

स्वायत्त

आमच्याकडे हा प्रकारच नाही. स्वायत्त कॉलेज असल्याने अभ्यास मंडळ कॉलेजचं. विभागप्रमुख अध्यक्ष, विभागातले सगळे शिक्षक सदस्य, दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ, एक कुलगुरूंनी नेमलेला, एक उद्योगातला, एक माजी विद्यार्थी. यूजीसीच्या नियमातच आहे. वर्गात काही जमत नसेल तर पुढच्या वर्षी बदलतो. निवडणूक नाही, पॅनेल नाही, रात्रीचे फोन नाहीत.

---

हिशेबी

आणि विभागात पाच-सहा पूर्णवेळ शिक्षकही आहेत तुमच्याकडे. टोपोशीट स्वायत्त झाले तर मंडळात अध्यक्षही तेच आणि सदस्यही तेच.

---

टोपोशीट

:-) बैठक वेळेवर सुरू होईल एवढं नक्की.

---

कार्यभार_तक्ता

इथे सगळे अभ्यासक्रमाबद्दल बोलताहेत, पण निवडणुकीत एवढी चुरस का असते ते कुणी लिहिलं नाही. मी लिहितो. कार्यभारासाठी, म्हणजे शिकवायच्या तासांसाठी.

२० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आला, २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत पहिल्या वर्षाला नवीन शैक्षणिक धोरण लागलं. सत्राला वीस ते बावीस श्रेयांक. त्यात मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशा टोपल्या. पूर्वी तुमचे पेपर ठरलेले होते, तास ठरलेले होते. आता कुठला पेपर कुठल्या मंडळाच्या टोपलीत पडतो यावर तुमचे आठवड्याचे तास ठरतात, आणि तासांवर पद टिकतं. "पर्यावरण" कुणाचं? भूगोलाचं, वनस्पतिशास्त्राचं की सगळ्यांचं? "पर्यटन" भूगोलाने घ्यायचं की इतिहासाने की वाणिज्यवाल्यांनी? यावर झालेली भांडणं मी पाहिली आहेत. ज्ञानाचा प्रश्न म्हणून सुरू होतात आणि तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "आमचे चार तास जातात त्याचं काय?"

मी याला नावं ठेवत नाही. एकशिक्षकी विभागात चार तास गेले की माणूस अतिरिक्त ठरण्याची भीती खरी असते. पण टोपोशीट, तुम्ही मतं मागायला जाल तेव्हा यूपीएसच्या बॅटरीबद्दल कुणी विचारणार नाही. "आमच्या तासांचं काय करणार?" हे विचारतील. उत्तर तयार ठेवा.

दुसरं कारण पुस्तकं. अभ्यासक्रम मंजूर झाल्यावर महिनाभरात त्यावरची क्रमिक पुस्तकं दुकानात दिसतात. एवढ्या लवकर कशी लिहून होतात हे कोडं नाही.

---

लॅब_असिस्टंट

अवांतर: क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या संगणकावर जुनी आवृत्ती बरी चालते. आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावा पोरांना.

---

टोपोशीट

सॉफ्टवेअर फुकट आहे, बॅटरी फुकट नाही. पण सवयीचं बरोबर आहे. फळ्यावर लिहून ठेवलंय.

---

मोजणी_प्रतिनिधी

२०२२ ची हकीकत सांगा ना. पडलात कसे?

---

टोपोशीट

बरं, ऐका. यातून उभं राहणाऱ्यांचा नाही तरी मत देणाऱ्यांचा फायदा होईल.

मतदानाच्या दिवशी आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात तीन-चार मतपत्रिका होत्या. अधिसभेची (सिनेटची), विद्यापरिषदेची, अभ्यास मंडळाची. सगळीकडे पसंतीक्रम. नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. बरोबरची खूण चालत नाही, अक्षरात "एक" चालत नाही, १ दोनदा लिहिला तर मत बाद. हे बहुतेकांना ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते पुढे.

आमच्या विषयात वैध मतं निघाली ७१. जागा तीन. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढायचा म्हणजे वैध मतांना जागा अधिक एक, म्हणजे चारने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. १७ अधिक १, कोटा १८. उमेदवार पाच. नावं सांगत नाही, अ ते इ म्हणतो. ड म्हणजे मी.

पहिल्या पसंतीला अ २२, ब १७, क १४, ड १२, इ ६.

अ आले. त्यांची कोट्यावरची चार मतं वाटली गेली (पॉइंटांत असतं ते, ढोबळ मतांत सांगतो). ब ला एक मिळालं, तेही १८ होऊन आले. क ला एक, १५. मला दोन, १४. आता उरली एक जागा आणि आम्ही तिघे. सगळ्यात खाली इ, ते बाद. त्यांच्या सहा मतपत्रिका उघडून दुसरी पसंती बघायची.

इ हे माझ्या शेजारच्या तालुक्यातले. त्यांचे मतदार म्हणजे माझेच लोक. एकत्र उत्तरपत्रिका तपासतो, एकत्र डबा खातो. मला खात्री होती.

पहिली पत्रिका: दुसरी पसंती क. दुसरी पत्रिका: दुसरी पसंती मला. मग तिसरी उलगडली. नुसता १. चौथी, नुसता १. पाचवी, नुसता १. सहावी हातात घेतली तेव्हा मोजणारे सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही पण."

क १६, मी १५. मी बाद, क निवडून आले. कोटा १८ चा, आणि ते १६ वर आले, कारण स्पर्धेत दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

नंतर चहाच्या टपरीवर इ चे एक मतदार भेटले. म्हणाले, "सर, तुम्हालाच द्यायची होती दुसरी. पण आम्हाला सांगितलं होतं, फक्त १ लिहा, दुसरी पसंती दिली की आपल्याच माणसाचं मत कमी होतं."

---

मोजणी_प्रतिनिधी

हे प्रत्येक निवडणुकीत होतं आणि प्रत्येक वेळी माझा संताप होतो. मी तीन वेळा मोजणीला बसलोय. नीट वाचा सगळ्यांनी: तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमची दुसरी पसंती कुणी बघतसुद्धा नाही. ती त्याचा केसही वाकडा करू शकत नाही. तो बाद झाला, किंवा कोटा ओलांडून त्याच्याकडे मतं उरली, तरच पुढचा आकडा बघतात. नुसता १ लिहिलेली पत्रिका त्या वेळी बाजूला ठेवली जाते, "संपलेली" म्हणून. म्हणजे तुम्ही पन्नास किलोमीटर एसटीने येऊन अर्धंच मत दिलं.

"फक्त १ लिहा" हे पॅनेलवाले मुद्दाम सांगतात की त्यांनाही कळत नाही, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. दोन्ही प्रकार पाहिलेत.

---

हिशेबी

एक दुरुस्ती. दुसरी पसंती तुमच्या माणसाला अजिबात बाधत नाही हे खरं, पण पहिल्या फेरीत तुमची पहिली पसंती कुणाला हा निर्णय मात्र निर्णायक. एका पॅनेलचे तीन उमेदवार असतील आणि सगळ्यांनी एकालाच १ दिला, तर बाकीचे दोघे कमी मतांमुळे लवकर बाद होण्याची भीती. म्हणून मोठी पॅनेल कॉलेजं वाटून देतात, या तालुक्याने याला १, त्या तालुक्याने त्याला. टोपोशीट आणि इ यांनी आधी बसून बोलायला हवं होतं. दोघांची मिळून अठरा मतं होती की.

---

टोपोशीट

हो. अठरा. बरोबर कोटा. हे मला त्याच रात्री एसटीत उमगलं, पण तुम्ही एवढं स्पष्ट लिहायची गरज नव्हती.

---

कार्यभार_तक्ता

मग यंदा इ ना भेटा आधी. मतदारांना नंतर.

---

सीएचबी_सातवं_वर्ष

एक विचारू? निवडून आलात तर उपसमितीत आमच्यासारख्यांना बोलवाल का? मत नको. फक्त फाइल उघडायची तेव्हा समोर बसवा, आणि खाली "साहाय्य" म्हणून नाव टाका. नियमात बसतं की नाही माहीत नाही, निमंत्रित म्हणून तरी.

---

जुना_सभासद

आम्ही बाहेरच्या लोकांना निमंत्रित म्हणून बोलवायचो, इतिवृत्तात तसं नोंदवायचो. अध्यक्षांनी मनावर घेतलं तर अडचण येत नाही. आणि हे आश्वासन टोपोशीट यांनी जाहीरपणे द्यावं, असं माझं मत. मतदार नसलेल्या माणसाला दिलेलं आश्वासन म्हणून लोक हसतील, पण ज्या प्रमुखांच्या हाताखाली असे दोन-दोन जण राबताहेत, त्यांना ते बरोबर समजेल.

---

टोपोशीट

दिलं. इथे लिहून देतो, म्हणजे पुढे कुणी काढून दाखवेल.

इ ना काल फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "तुम्ही की मी?" दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, रविवारी घरी या म्हणाले. बघू. ते उभे राहणार असतील तर मी सूचक म्हणून सही करतो, मात्र त्यांनी त्या पर्यायी पद्धतीच्या ओळीचं मनावर घ्यायला हवं. जुना सभासद, तुमची ती जुनी ओळ जशीच्या तशी मिळेल का?

आणि एक भलतीच अडचण निघाली. मागच्या वेळची अंतिम मतदार यादी काढून बघितली. तेव्हा माझं नाव बरोबर होतं. पण मध्ये कॉलेजने विभागांची माहिती ऑनलाइन भरली तेव्हा भूगोलाच्या प्रमुखाच्या रकान्यात माझ्या आधीच्या मॅडमचं नाव गेलंय. त्या २०१४ ला निवृत्त झाल्या. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आज त्याच प्रमुख आहेत.

---

मोजणी_प्रतिनिधी

हे आत्ताच निस्तरा. तात्पुरती यादी लागली की आक्षेपाला मोजके दिवस मिळतात, तेही बहुतेक दिवाळीच्या किंवा परीक्षेच्या तोंडावर. प्राचार्यांच्या सहीचं पत्र कुलसचिवांच्या नावे, कारण निवडणूक निर्णय अधिकारी तेच. सोबत तुमच्या मान्यतेचं पत्र, विभागप्रमुख म्हणून कॉलेजने काढलेला आदेश, आणि मॅडमच्या निवृत्तीच्या आदेशाची प्रत. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन परत आणा. ईमेलही करा, पण शिक्क्याच्या भरवशावर राहा.

तिघांची अशीच नावं गेल्या वेळी मी स्वतः पाहिली होती. एक सर मतदान केंद्रावर येऊन ओळखपत्र दाखवत होते आणि यादीत त्यांच्या जागी पाच वर्षांपूर्वी बदलून गेलेला माणूस होता.

---

जुना_सभासद

ओळ शोधली. जुन्या डायरीत होती:

"उपरोक्त उपकरण किंवा सुविधा महाविद्यालयात उपलब्ध नसल्यास त्याच उद्दिष्टाची पर्यायी हस्तकृत पद्धत ग्राह्य धरावी व त्यास पूर्ण गुण देय राहतील."

"पूर्ण गुण" हे दोन शब्द विसरू नका. पहिल्या मसुद्यात ते नव्हते, तेव्हा परीक्षक पद्धत ग्राह्य धरायचे आणि वीसपैकी बारा द्यायचे.

---

टोपोशीट

उतरवून घेतली. प्राचार्य उद्या जिल्ह्याला जाणार आहेत, परवा सही घेतो.